नावाला अर्थ असतो का? ‘जॉन’ या नावाच्या निमित्ताने



आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. एकच नाव घ्यायचं आणि ते युरोपभर कुठे कुठे कसं गेलं ते बघायचं. पण या नावापाशी आम्ही एकदा अडखळलो होतो, आणि तिथूनच सुरुवात करणं प्रामाणिकपणाचं होईल.

आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, त्या काळातली ही गोष्ट. वर्गात जॉन स्टुअर्ट मिल चालू होता. त्याचा ‘अ सिस्टीम ऑफ लॉजिक’ हा ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. विशेषनामांबद्दल त्याचं मत ठाम आहे. विशेषनाम व्यक्तीकडे नुसतं बोट दाखवतं, तिच्याविषयी काहीही सांगत नाही. ‘मनुष्य’ म्हटलं की काही गुण आपोआप सांगितले जातात. ‘जॉन’ म्हटलं की एकही गुण सांगितला जात नाही. मिल डार्टमथ गावाचं उदाहरण देतो. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून ते डार्टमथ. पण उद्या गाळ साचला किंवा भूकंप होऊन नदीचं मुख दुसरीकडे गेलं, तरी गावाचं नाव काही बदलावं लागत नाही. आणि माणसाचं उदाहरण घेताना त्याने नेमकं ‘जॉन’च घेतलं आहे. एखाद्याचं नाव त्याच्या बापाच्या नावावरून जॉन ठेवलेलं असेल. पण म्हणून ‘ज्याचा बाप जॉन होता तो’ हा काही जॉन या शब्दाचा अर्थ नव्हे. (मिलचं स्वतःचं नाव बापाचं नव्हतं, बरं का. बाप जेम्स. मुलाला नाव दिलं ते बापाचे आश्रयदाते सर जॉन स्टुअर्ट यांचं.)

आम्ही हे सगळं फळ्यावर मांडलं आणि म्हणालो, “तेव्हा जॉन या नावाला अर्थ नाही.” मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, आमच्या आजोबांचं नाव योहान. ते सांगायचे की देवाने कृपा केली असा त्याचा अर्थ आहे.” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, “ती व्युत्पत्ती झाली, अर्थ नव्हे.” पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर होतं. मुलगा गप्प बसला. पण त्याच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि ती आम्हीही न तपासता गृहीत धरली: फळ्यावरचा जॉन आणि घरातला योहान हे एकच नाव आहे. ते एकच कशावरून? उच्चार वेगळा, लिपी वेगळी, आणि अर्थ तर आम्ही नुकताच काढून टाकला होता. मग उरलं काय? त्या दिवशी कुणी असं विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं.

आता नावाकडे येऊ. मूळ शब्द हिब्रू, ‘योहानान’. त्याचे दोन तुकडे आहेत. ‘यो’ हा यहोवा या देवनामाचा संक्षेप आणि ‘हानान’ म्हणजे कृपा केली. म्हणजे आजोबा बरोबर होते. हिब्रू ऐकणाऱ्याला हे नाव म्हणजे एक अख्खं वाक्य वाटत असणार. जुन्या करारात या नावाची अनेक माणसं आहेत, पण नाव जगभर गेलं ते नव्या करारातल्या दोघांमुळे: बाप्तिस्मा करणारा योहान आणि प्रेषित योहान. पहिल्याचा सण २४ जूनला, दुसऱ्याचा २७ डिसेंबरला. एक ऐन उन्हाळ्यात, एक ऐन थंडीत.

पहिल्या योहानाच्या बारशाची हकिकत लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. म्हाताऱ्या जखऱ्याला मूल झालं. शेजारीपाजारी, नातलग जमले आणि रिवाजाप्रमाणे बापाचंच नाव ठेवायला निघाले. आई अलीशिबा म्हणाली, नाही, याचं नाव योहान. नातलग म्हणाले, अहो, तुमच्या घराण्यात या नावाचं कुणीच नाही! जखऱ्याची वाचा गेलेली होती. त्याने पाटी मागवली आणि तिच्यावर लिहून दिलं की याचं नाव योहान आहे. म्हणजे ज्याच्यावरून पुढे कोट्यवधी मुलांना बापाआजाचं नाव म्हणून ‘जॉन’ मिळालं, त्याचं स्वतःचं नाव मात्र घराण्याबाहेरचं होतं. मिलने नेमकं हेच नाव निवडलं तेव्हा ही कथा त्याच्या मनात होती की नाही, कोण जाणे. आम्हाला मात्र आता मिल वाचताना ती पाटी आठवतेच.

हिब्रूतून नाव ग्रीकमध्ये गेलं आणि तिथे पहिली मोडतोड झाली. हिब्रूतला तो घशातून येणारा ‘ह’ शब्दाच्या मध्ये उच्चारायची ग्रीकांना सवय नव्हती. तो गळाला. शिवाय ग्रीकमध्ये नाव विभक्तीत चालायला हवं, म्हणून शेवटी ‘एस’ लागला. झालं ‘इओआन्नेस’. याच क्षणी वाक्य मेलं. ग्रीक माणसाला या शब्दात देवही ऐकू येत नव्हता आणि कृपाही. ते आता फक्त नाव होतं. मिलचा सिद्धान्त इथे खरा ठरतो, आणि गंमत म्हणजे तो खरा ठरतो तो भाषा बदलल्यामुळे! पुढे लॅटिनमध्ये त्याचं ‘योहान्नेस’ झालं. आज इंग्रजीत जॉन लिहिताना मधे जो मुका ‘एच’ घालतात, तो या लॅटिन लेखनाचा अवशेष. शाळेत आपण तो पाठ केला; कुणी विचारलं नाही की हा इथे काय करतोय.

यानंतर मात्र वाटा फुटतात, आणि प्रत्येक वाटेची खूण नावावर राहते. लॅटिनच्या सुरुवातीचा ‘य’ पुढे फ्रान्सच्या बाजूला ‘ज’सारखा झाला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जेहान’. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात आले आणि हा ‘ज’ सोबत घेऊन आले. फ्रेंचांनी पुढे तो मऊ केला, आज ते ‘झाँ’ म्हणतात. इंग्रजांनी जुना ‘ज’ तसाच ठेवला. म्हणजे आपण ज्याला अस्सल इंग्रजी समजतो त्या ‘जॉन’मधला पहिला वर्ण हा जुन्या फ्रेंचचा, खुद्द फ्रेंचांनी सोडून दिलेला. स्पेनमध्ये तोच वर्ण मागे मागे सरकत घशात गेला आणि झाला ‘ह्वान’. इटालियनांनी दोन स्वरांमधल्या फटीत ‘व’ घातला: ‘जोव्हान्नी’. पोर्तुगीजांनी स्वरांमधला ‘न’ गिळला, पण गिळताना त्याचा अनुनासिक मागे ठेवला: ‘जुआंव’.

हा जुआंव आपल्या ओळखीचा आहे. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांच्यामागून हे नावही आलं. २४ जूनला गोव्यात ‘सांजांव’ होतो, म्हणजे सांव जुआंव, संत योहान. पावसाळा नुकताच लागलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात. डोक्यावर पानाफुलांचं ‘कोपेल’ घालून लोक विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचा मान असतो. उडी का मारायची, तर मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटात बाळाने आनंदाने उडी मारली, अशी लूकमधली कथा आहे म्हणून. उत्तर युरोपात याच सुमाराला लॅटव्हियातले लोक ‘यानी’ साजरा करतात, शेकोट्या पेटवून. तिथे योहानाचं नाव ‘यानिस’. एकाकडे विस्तव, एकाकडे विहीर, आणि नाव एक.

जर्मनांनी काय केलं? आपण नामदेवचा नामा करतो, म्हणजे नावाची शेंडी धरतो. जर्मनांनी शेपूट धरलं. योहान्नेस, हान्नेस, हान्स. जॉन आणि हान्स शेजारी ठेवले तर दोघांत ‘न’ तेवढा समान उरतो. पण मधल्या पायऱ्या माहीत असतील तर शंका राहत नाही. चेक लोकांनी आपल्या ‘यान’चं घरगुती नाव जर्मनांच्या हान्सवरून घेतलं: ‘होन्झा’. आता होन्झा आणि जॉन यांत कोणता वर्ण समान आहे, ते तुम्हीच शोधा.

पूर्वेकडे नाव लॅटिनमधून गेलं नाही, थेट ग्रीकमधून गेलं, बायझंटाईन धर्मप्रसारकांबरोबर. तिथे ‘इओआन’चा ‘इव्हान’ झाला. रशियन चर्चने मात्र ग्रंथात ‘इओआन’ हेच रूप धरून ठेवलं. ज्या झारला आपण इव्हान द टेरिबल म्हणतो, तो औपचारिक लेखनात इओआन होता. आपल्याकडे पोथीत कृष्ण आणि गल्लीत किसन असतो, तसंच. पोलंड, बोहेमिया यांना ख्रिस्ती धर्म रोमच्या बाजूने मिळाला, तिथे ‘यान’ आहे. तेव्हा नकाशावर यान आणि इव्हान यांच्यामध्ये रेघ ओढली तर ती बरीचशी रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यामधली रेघ असते. बरीचशी म्हणालो, कारण क्रोएशिया ही रेघ पुसून टाकतो. देश कॅथलिक आणि नाव इव्हान. भाषेला आपल्या सोयीची रेघ मानवत नाही.

आयर्लंडचं उदाहरण आम्हाला सगळ्यांत आवडतं. तिथे हे नाव दोनदा आलं. आधी चर्चबरोबर लॅटिनमधून, त्याचं झालं ‘ओइन’. मग बाराव्या शतकात नॉर्मन आले, त्यांच्या जेहानचं झालं ‘शॉन’. आज आयरिशमध्ये ही दोन वेगळी नावं आहेत. शुभवर्तमानातला योहान तो ओइन. शेजारच्या घरातला बहुधा शॉन. सख्ख्या भावांची नावं ओइन आणि शॉन असली तरी तिथे कुणाला एकच नाव दोघांना दिल्यासारखं वाटणार नाही. वेल्समध्ये तर आडनावांतही ही गर्दी आहे. जोन्स म्हणजे जॉनचा. इव्हान्स म्हणजे त्याच नावाच्या वेल्श रूपाचा, इव्हानचा. बेव्हन म्हणजे ‘अब इव्हान’, इव्हानचा मुलगा. एका गल्लीत तीन घरं, तीन पाट्या, आणि तिन्ही पाट्यांवर मजकूर एकच.

आता मूळ प्रश्न पुन्हा घेऊ. उच्चारावरून नाव एकच ठरत नाही, हे होन्झाने दाखवलं. उलट उच्चार जुळला म्हणून नाव एक असतं, असंही नाही. लिथुआनियात ‘योनास’ म्हणजे जॉन. जर्मनीत त्याच अक्षरांत लिहिलेला, तसाच उच्चारलेला ‘योनास’ म्हणजे माशाच्या पोटात गेलेला योना संदेष्टा! दोन योनास शेजारी बसले तर ते एकमेकांचे नामबंधू नाहीत; आणि लिथुआनियाचा योनास आणि चेक होन्झा मात्र आहेत. स्कॉटलंडमध्ये जी स्पेलिंग ‘जीन’ या बाईची, तीच फ्रान्समध्ये ‘झाँ’ या पुरुषाची.

मग अर्थावरून ठरतं का? तेही नाही, अर्थ ग्रीकांच्या दारातच गळाला होता. उरते फक्त साखळी. कुणीतरी कुणाकडून तरी हे नाव घेतलं, आपल्या जिभेला जमलं तसं उच्चारलं आणि पुढे दिलं. सॉल क्रिप्की या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली प्रिन्स्टनमध्ये तीन व्याख्यानं दिली. हातात कागद न घेता दिली, मागाहून ती ध्वनिफितीवरून उतरवून छापली. (आपल्या या मालिकेची तीच रीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं. साम्य तिथेच संपतं.) त्यात तो म्हणतो की नाव माणसापर्यंत पोचतं ते वर्णनाच्या जोरावर नाही, तर एकाने दुसऱ्याला दिलेल्या अशा साखळीच्या जोरावर. तो बोलत होता एका माणसाच्या नावाबद्दल. पण हजारो माणसांत वाटल्या गेलेल्या ‘जॉन’सारख्या नावालाही साखळी लागते, आणि फरक एवढाच की इथे प्रत्येक कडीवर हाताचे ठसे उमटलेले असतात. जोव्हान्नीतला ‘व’, जुआंवचा अनुनासिक, जॉनमधला मुका एच हे ते ठसे. मिल म्हणाला होता की नाव माणसाविषयी काही सांगत नाही. मान्य. पण ते कोणाच्या हातून आलं, हे ते सांगतं. आम्ही वर्गात हा भाग सोडून दिला होता.

यावर कुणी म्हणेल, हा भाषाशास्त्राचा तपशील झाला, माणसाला त्याने काय फरक पडतो? पुष्कळांना खरंच पडत नव्हता. १४९७ साली ब्रिस्टलहून निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेला दर्यावर्दी व्हेनिसच्या बोलीत ‘झुआन’ होता, इटालियनमध्ये तो ‘जोव्हान्नी काबोतो’, आणि इंग्रज त्याला ‘जॉन कॅबट’ म्हणतात. त्या काळी परदेशी गेलं की नाव तिथल्या भाषेत बदलायचंच, जसे कपडे बदलतात. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस जन्माने ‘योहान’, घरात ‘यान्ने’. विद्यार्थिदशेत त्याला आपल्या दर्यावर्दी काकाची भेटपत्रं सापडली, त्यांवर नावाचं फ्रेंच रूप छापलेलं होतं. ते त्याला आवडलं आणि तो जन्मभर ‘झाँ सिबेलियस’ झाला. हौसेने घेतलेलं नाव, तक्रार कोण करणार?

पण हौस नसेल तर? कॅटलन भाषेत जॉनचं रूप ‘झुआन’. चित्रकार झुआन मिरो आपल्याला माहीत आहे, ‘ह्वान’ नव्हे. (इंग्रजीत त्याची स्पेलिंग बघून लोक त्याला बाई समजतात ते वेगळंच.) स्पेनच्या यादवी युद्धात, १९३८ साली, फ्रँकोच्या राजवटीने हुकूम काढून जन्मनोंदणीत स्पॅनिशखेरीज इतर भाषांतली नावं बंद केली. बास्क, कॅटलन, सगळीच. घरी आई झुआन म्हणते, नोंदवहीत ह्वान लिहिलं जातं. १९७७ साली कायदा बदलला. ज्याची इच्छा असेल त्याने अर्ज करावा, नोंदीतलं स्पॅनिश नाव काढून आपल्या भाषेतलं समरूप घालून मिळेल.

आता मिलच्या दृष्टीने बघा. ह्वान लिहा की झुआन लिहा, बोट त्याच माणसाकडे जातं. कराची नोटीस त्याच्याच घरी येणार. निर्देशात काडीचा फरक नाही. नाव तरी वेगळं आहे का? आपण आत्ताच पाहिलं, साखळीच्या हिशेबाने तेही एकच. म्हणजे आमच्या तर्कशास्त्राप्रमाणे त्या हुकमाने कुणाचं काहीच हिरावलं नव्हतं आणि त्या कायद्याने कुणाला काहीच परत दिलं नव्हतं! हे निष्पन्न होत असेल तर चूक त्या अर्जदारांची नाही, आमच्या मांडणीची आहे. साखळीतली सगळी रूपं सारखी म्हणताना, माणूस त्यातल्या कोणत्या कडीला धरून उभा आहे हे आम्ही मोजलंच नाही. हुकमाने घेतली ती कडी. नाव कोणत्या रूपात घ्यायचं हे इतरांच्या जिभेवर अवलंबून असतं, ते टाळता येत नाही; स्पॅनिश शेजाऱ्याने ह्वान म्हटलं तर त्याला कोण अडवणार? पण वहीत काय लिहायचं, हे अडवता येतं आणि लादताही येतं. उच्चार आणि नोंद यांत हा फरक आहे, आणि तो करायला आम्हाला निवृत्त व्हावं लागलं.

शेवटचं उदाहरण जुनं आहे. जॉन या नावाचं स्त्रीरूप फ्रेंचमध्ये ‘झान’. फेब्रुवारी १४३१ मध्ये रूआँ शहरात झान दार्कवर खटला सुरू झाला. आपण इंग्रजीमार्गे तिला जोन ऑफ आर्क म्हणतो. वय सुमारे एकोणीस. न्यायासनाने पहिल्या बैठकीत तिला नाव आणि आडनाव विचारलं. तिने सांगितलं, माझ्या गावाकडे मला ‘झानेत’ म्हणत आणि फ्रान्समध्ये आल्यावर ‘झान’ म्हणू लागले. आडनावाचं मला माहीत नाही. एका प्रश्नाला तिने दोन नावं दिली, आणि प्रत्येक नावाबरोबर ते कुठे आणि कोण म्हणतं तेही दिलं. पुढे मार्चमध्ये तिचा जबाब तिला वाचून दाखवला, तेव्हा तिने आडनावाची भर घातली: दार्क किंवा रोमे, आणि आमच्याकडे मुली आईचं आडनाव लावतात. रोमे हे आईकडचं. ३० मे १४३१ रोजी तिला जाळलं. खटल्याचं अधिकृत दप्तर पुढे लॅटिनमध्ये तयार झालं. तिची दोन्ही नावं त्यात आहेत, लॅटिनमध्ये बदलून: ‘योहान्नेता’ आणि ‘योहान्ना’. या दोन्ही रूपांनी तिला तिच्या गावात कुणी कधी हाक मारली नसेल.

वेळ झाली. काही प्रश्न असतील तर घेऊ.